ठराव फेटाळलाच जाणार, तर आणतात कशाला? आणि बाकीचे प्रश्न

प्रश्न: बहुमत सरकारकडेच असतं, अविश्वास ठराव फेटाळला जाणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. मग हा टाइमपास कशासाठी?

पंतप्रधानाला उठून बोलायला लावण्यासाठी. लोकसभेत 50 खासदार पाठीशी उभे राहिले की ठराव दाखल होतो, मग चर्चा होते आणि सगळ्याचं उत्तर सरकारच्या प्रमुखाला द्यावं लागतं. 1963 मध्ये आचार्य कृपलानींनी नेहरूंविरुद्ध पहिला ठराव आणला तेव्हा काँग्रेसचं बहुमत एवढं होतं की निकाल ठरलेलाच होता, पण चीन युद्धानंतरचा सगळा राग सभागृहात आला. 2023 ला मणिपूरवरून आणलेला ठराव आवाजी मतदानाने फेटाळला गेला, पण पंतप्रधान सभागृहात त्यावर बोलले, विरोधकांना तेच हवं होतं.

आणि एक गंमत, लोकसभेत आजवर एकही अविश्वास ठराव मंजूर झालेला नाही. व्ही. पी. सिंग 1990 ला, वाजपेयी 1999 ला पडले ते स्वतःच मांडलेल्या विश्वासदर्शक ठरावावर, वाजपेयींचं तर 269 विरुद्ध 270, एका मताने! मोरारजींनी 1979 ला मतदानाची वाटच बघितली नाही, आधीच राजीनामा दिला.

प्रश्न: ब्रिटनमध्ये दर बुधवारी पंतप्रधानाला प्रश्न विचारतात ते व्हिडिओ बघतो, भारी वाटतं. पण उपयोग होतो का?

अर्धा तमाशाच आहे तो. 1961 पासून आठवड्यातून दोनदा 15-15 मिनिटं असायचे, ब्लेअरनी 1997 ला त्याचा बुधवारचा एकच अर्धा तास केला. विरोधी पक्षनेत्याला 6 प्रश्न मिळतात. खरी मेख अशी की कागदावरचा प्रश्न बऱ्याचदा नुसता "आज तुमचे कार्यक्रम काय" एवढाच असतो आणि खरा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतो जो पंतप्रधानाला आधी माहीत नसतो, म्हणजे दवाखान्यातल्या रांगांपासून युद्धापर्यंत कशावरही विचारतील या धास्तीने त्याला सगळ्या खात्यांकडून माहिती मागवून तयारी करावी लागते. माझ्या मते खरा फायदा हाच, उत्तरापेक्षा तयारी महत्त्वाची. अर्ध्या तासात कुणी कुणाला पकडत नाही, एक टोमणा मारला की वेळ संपली.

पकडायचं असेल तर समिती. ब्रिटनमध्येच 2002 पासून सगळ्या संसदीय समित्यांचे अध्यक्ष एकत्र बसून पंतप्रधानाला प्रश्न विचारतात, त्यात त्याच्या पक्षाचेही असतात, आरडाओरडा नाही, एकाच मुद्द्यावर उपप्रश्नावर उपप्रश्न. व्हायरल होत नाही म्हणून कुणी बघत नाही. आपल्याकडे प्रश्नोत्तराच्या तासात पंतप्रधानांच्या खात्यांचा वार ठरलेला असतो पण उत्तर द्यायला बऱ्याचदा राज्यमंत्रीच उभे राहतात.

प्रश्न: पंतप्रधान सभागृहात धडधडीत खोटं बोलला तर?

ब्रिटनचे माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचं बघा. लॉकडाऊनमधल्या पार्ट्यांवरून त्यांनी सभागृहाची दिशाभूल केली असा ठपका हक्कभंग समितीने जून 2023 मध्ये ठेवला, आणि त्या समितीत बहुमत त्यांच्याच पक्षाचं होतं. खासदार असते तर 90 दिवस निलंबनाची शिफारस केली असती असंही अहवालात लिहिलं, पण ते त्याआधीच खासदारकी सोडून निघून गेले होते. सभागृहाने अहवाल 354 विरुद्ध 7 मतांनी स्वीकारला.

प्रश्न: मग आपले सत्ताधारी खासदार असं का करत नाहीत?

व्हीप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हीप मोडून मत दिलं की खासदारकीच जाऊ शकते. ब्रिटनमध्ये फार तर पक्ष बाहेर काढेल, खासदारकी राहते. हा कायदा घोडेबाजार थांबवायला आणला हे खरंय, पण सरकारच्या प्रमुखाला घाम फोडू शकणारी माणसं म्हणजे त्याच्याच मागच्या बाकांवरची, आणि त्यांचंच तोंड यात बांधलं गेलं. निदान साध्या विधेयकांना तरी यातून सूट द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: सरकार पाडलं आणि पुढचं बनलंच नाही तर?

जर्मनीने यावर उपाय काढलाय, चान्सलरला, म्हणजे तिथल्या सरकारप्रमुखाला, हटवायचं तर त्याच ठरावात पुढचा चान्सलर निवडावा लागतो. 1982 मध्ये श्मिट गेले आणि कोल आले ते असेच.

प्रश्न: अमेरिकेत अध्यक्षाला का नाही बोलावत प्रश्न विचारायला?

कारण तो संसदेतून निवडून येत नाही आणि बहुमत गेलं म्हणून पडतही नाही. महाभियोग आहे पण सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात, 1868 ला अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचले, आजवर अशा पद्धतीने एकही अध्यक्ष हटलेला नाही. निक्सन मतदानाआधीच गेले. रोजचा लगाम म्हणाल तर पैशाचा, काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, मंजूर केल्याशिवाय खर्च करता येत नाही.