शेवटून दुसरी ओळ

प्रिय मावशी,

मी माण तालुक्यातली. पुण्यात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. 1500 आणि 5000 मीटर पळते. गेल्या वर्षी विद्यापीठाच्या संघात निवड झाली होती. पहाटे पाचला उठते, साडेपाच ते आठ ग्राउंड, मग कॉलेज, संध्याकाळी पाच ते सात पुन्हा ग्राउंड, रविवारी लाँग रन. प्रॅक्टिकलला उभ्या उभ्या डुलकी लागते. अटेंडन्स 58 टक्के आहे, एक इंटर्नल स्पर्धेमुळे बुडाली, एचओडी मॅडम म्हणतात परीक्षेचा फॉर्म भरू देणार नाही. ग्राउंडवरचे सर म्हणतात, दोन डगरींवर पाय ठेवू नकोस. बाबा म्हणतात, ललिता बाबर एखादीच होते, तू पोलीस भरतीचं बघ. एवढं करून वेळही सुधारत नाही. जूनमध्ये 1500 ला 4 मिनिटं 48 सेकंद होती, आता 4.58 लागतात. सरांनी दोन किलो वजन उतरवायला सांगितलं, तेही उतरवलं. भात बंद केलाय, रात्री एकच पोळी खाते. नडगी दुखते, पण बर्फ लावून पळते. चार महिने पाळी आली नाही, पण ग्राउंडवरच्या मुली म्हणतात पळणाऱ्यांचं असंच असतं, उलट बरंच. कॉलेज सोडू की पळणं सोडू, एवढंच सांगा.

*

लेकी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिन्ही वेळा शेवटून दुसऱ्या ओळीपाशी अडले. अटेंडन्स, सर, बाबा, सगळ्यावर बोलू. पण आधी ती ओळ.

चार महिने पाळी न येणं बरं नाही. ज्या मुली तुला तसं सांगतात त्यांचंही बरं नाही, त्यांनाही हे वाचून दाखव. नियमित येणारी पाळी तीन महिने आली नाही की डॉक्टरांना दाखवायचं असतं, आणि खेळणाऱ्या मुलींना यातून सूट नाही.

तू माणची आहेस, म्हणून तुझ्याच घरातलं उदाहरण देते. उन्हाळ्यात टँकर चार दिवसांआड यायला लागला की आई आधी परसातल्या झाडांचं पाणी तोडते. मग धुण्याचं कमी करते. पिण्याच्या हंड्याला शेवटपर्यंत हात लावत नाही. शरीर असंच वागतं. दिवसभरात पोटात जातं त्यापेक्षा मैदानावर जास्त खर्च झालं, आणि हे महिनोन्‌महिने चाललं, की शरीर एकेक नळ बंद करत जातं. हृदय, मेंदू चालू ठेवतं. पाळी बंद करतं, कारण तिच्यावाचून आजचा दिवस निघतो. पण त्याबरोबर इस्ट्रोजेनही घटतं आणि हाडांची राखण करणारं कुणी उरत नाही. तुझ्या वयात हाडांची भरती अजून चालू आहे. पंचविशीच्या आसपास जी शिल्लक असेल तिच्यावर पुढचा जन्म काढायचा असतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं 2014 मध्ये या अवस्थेला नाव दिलं, रेड-एस, म्हणजे खेळणाऱ्या शरीराला ऊर्जा कमी पडणं. मुलग्यांनाही होते, फक्त त्यांच्यात पाळीसारखी उघड खूण नसते.

आता तुझं पत्र पुन्हा वाच. वजन उतरलं, वेळ दहा सेकंदांनी वाढली, नडगी दुखायला लागली, प्रॅक्टिकलला डुलक्या येतात, पाळी गेली. तू यांना पाच वेगळ्या तक्रारी समजतेस. मला ही एकच गोष्ट दिसते: तू उपाशी पळते आहेस.

नडगीचं तर आजच बघ. दुखऱ्या पायावरून एका बोटानं दाबत खाली ये. सगळीकडे सारखं ठणकतंय, की हाडावर एका नेमक्या जागी कळ येते? नेमक्या जागी येत असेल तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे सततच्या ताणानं हाडाला पडलेल्या बारीक चिरेची, शंका घ्यायची. पण उत्तर काहीही येवो, हाडांच्या डॉक्टरांनी पाहेपर्यंत पळणं बंद. मी कॉलेजात खो-खो खेळायचे. उजव्या नडगीत अशीच कळ यायची आणि मी क्रेप बँडेज गुंडाळून उतरायचे, कारण आमच्या तेव्हाच्या प्रशिक्षकांनी तेच शिकवलं होतं. पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही म्हणून मी आणखी तीन आठवडे खेळले. दुसऱ्या एक्स-रेत हाडावर रेघ होती. तो सगळा मोसम मी बाकावर बसून काढला. सुरुवातीला एक्स-रेत अशी चीर पुष्कळदा दिसतच नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुला मी सांगते आहे. एक्स-रे चांगला आला तरी दुखणं राहिलं असेल तर डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचार.

पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. खासगी परवडत नसेल तर ससूनच्या ओपीडीत केसपेपर काढ, बरोबर मैत्रीण ने, अर्धा दिवस मोडेल तो मोडू दे. आपण खेळाडू आहोत, आठवड्याला किती तास सराव करतो आणि काय खातो, हे न विचारता सांग. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड, ड जीवनसत्त्व या तपासण्यांबद्दल विचार. गरोदरपणाची तपासणीही सांगतील. ती सगळ्यांनाच सांगतात, त्यात अपमान वाटून घेऊ नकोस. आणि पाळी आणायची गोळी मैत्रिणीच्या सांगण्यावरून मेडिकलमधून आणू नकोस. गोळीनं रक्तस्राव होईल, तुला वाटेल सगळं ठीक झालं, आणि आतली उपासमार तशीच चालू राहील.

आता खाणं. तू वेळा लिहिल्या आहेस, म्हणून तुझा एक दिवस मी कागदावर मांडून पाहिला. आठला ग्राउंड सुटतं. हॉस्टेलवर पोचून अंघोळ होईतो मेसमधले पोहे संपलेले असणार, मग चहा-बिस्किटावर कॉलेज. म्हणजे आदल्या रात्रीच्या एका पोळीनंतर तुझं पहिलं खरं जेवण दुपारी एकच्या सुमारास, आणि मधे अडीच तास पळून झालेलं. मेसचं वेळापत्रक तुझ्यासाठी बदलणार नाही, तेव्हा खाणं तुझ्याबरोबर ग्राउंडवर न्यायचं. पळायच्या आधी एक केळं किंवा तीन-चार खजूर. पळणं संपल्यावर, घाम वाळायच्या आत, पिशवीतला डबा उघडायचा: शेंगदाणा-गुळाचा लाडू, भिजवलेले हरभरे वर लिंबू पिळून, खात असशील तर दोन उकडलेली अंडी. मेसच्या मावशींना आदल्या रात्रीच दोन पोळ्या आणि सुकी भाजी डब्यात मागून ठेव. एकदा नीट सांगितलंस तर नाही म्हणणार नाहीत. भात आजपासून सुरू. जेवणाला लागून चहा नको, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आईला फोन करून लाडू मागव. महिन्याचा डबा भरून पाठवताना तिला बरंच वाटेल.

सरांचं. दोन किलो उतरव म्हणणारे सर वाईट माणूस असतील असं मी धरत नाही. त्यांना त्यांच्या सरांनी हेच शिकवलं असेल. पण तुझ्या वजनाबद्दल सल्ला देण्याआधी तुझ्या पाळीबद्दल कुणीतरी विचारायला हवं होतं, आणि ते विचारलं गेलं नाही, याचा मला राग आहे. सरांशी हे बोलायला तू लाजशील, म्हणून वाक्य लिहून देते: "सर, चार महिने पाळी आलेली नाही आणि नडगी दुखतेय. डॉक्टरांनी बघेपर्यंत मी पळणार नाही." एवढंच. तोंडानं जमलं नाही तर कागदावर दे, किंवा एखाद्या मॅडमना बरोबर घे. त्यावर ते चिडले तरी कागद परत घेऊ नकोस.

आणखी एक हिशेब. सहा दिवस रोज साडेचार तास, म्हणजे 27, वर रविवारची लाँग रन. विश्रांतीचा दिवस शून्य. अमेरिकेत कॉलेजच्या खेळाचं केवढं मोठं प्रस्थ आहे, तिथे सामने भरलेल्या स्टेडियममध्ये होतात. तरी तिथल्या एनसीएए या संस्थेचा नियम आहे की मोसमात आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त सराव घ्यायचा नाही आणि एक दिवस पूर्ण सुट्टी द्यायची. नियम तिथेही वाकवले जातात, पण सुट्टीचा दिवस नियमात लिहिलेला आहे. तुझ्या आठवड्यात तो तुला स्वतःला लिहावा लागेल.

कॉलेजचं मला तुझ्याइतकं अवघड वाटत नाही, पण त्यात तुझी एक चूक आहे. स्पर्धेला जाण्याआधी अर्ज द्यायचा असतो, आल्यावर नाही. जिमखान्यात जाऊन क्रीडा संचालकांकडून गेल्या वर्षापासूनच्या प्रत्येक स्पर्धेचं तारखांसकट पत्र घे, विभागीय, आंतरविभागीय, विद्यापीठाचं शिबिर, सगळ्यांचं. दोन प्रती काढ. एक एचओडी मॅडमना, एक प्राचार्यांच्या कार्यालयात, आणि आवक क्रमांक टाकून तुझ्या प्रतीवर शिक्का घे. बुडालेल्या इंटर्नलसाठी वेगळा अर्ज कर. कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या वतीनं खेळलीस ते दिवस तुझ्या बाजूनं मांडता येतात. रोजच्या सरावासाठी बुडवलेले तास मात्र येत नाहीत, ते लेक्चरला बसूनच भरायचे. पळणं थांबेल त्या आठवड्यांत पहिल्या बाकावर बस, जर्नल पूर्ण करून सही घे. मॅडमना 75 टक्के हजेरीचा नियम सांभाळायचा आहे. तू समोर दिसायला लागलीस तर त्यांना तुझ्यासाठी बोलायला काहीतरी हाताशी येईल.

राहिले बाबा. त्यांना भीती वाटते, आणि भीती खोटी नाही. त्यांना सांग की पोलीस भरती कुठे पळून जात नाही. तिथे मुलींना 800 मीटर पळायचं असतं, ते तुला नवीन नाही, आणि बारावी तुझी झालेलीच आहे. पण राज्य शासनाच्या नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, आणि अधिकारी पदाच्या परीक्षेला पदवी लागते. म्हणजे पदवी हातात असलेली खेळाडू जास्त दारं ठोठावू शकते. तुझी सगळी प्रमाणपत्रं एका फाईलमध्ये ठेव, झेरॉक्स घरी पाठव, पडताळणीच्या वेळी मूळ कागद लागतात.

आणि ललिता बाबरचं. ती तुमच्याच तालुक्यातली, मोहीची. बाबा तिचं नाव घेतात ते खरं तर अभिमानानं, हे तुला दिसतंय ना? 2016 मध्ये रिओ ऑलिम्पिकला ती 3000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. पी. टी. उषानंतर, म्हणजे 1984 नंतर, ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय बाई. तेव्हा तिचं वय होतं 27. एकोणिसाव्या वर्षी तिचं सगळं ठरलेलं नव्हतं. स्टीपलचेसकडेही ती नंतरच वळली. तू आता एकोणीस-वीस वर्षांची असशील. आंतरविद्यापीठ स्पर्धा पंचविशीपर्यंत खेळता येतात. एक मोसम गेला तर तुझ्याजवळ आणखी मोसम आहेत. हाड मोडून गेलं तर ते मोसमही जातील.

म्हणून माझं उत्तर असं: कॉलेज सोडायचं नाही, पळणंही कायमचं सोडायचं नाही. आत्ता थांबायचं, तपासायचं, खायचं. डॉक्टर परत पळायला सांगतील तेव्हा सकाळचा सराव आधी सुरू कर, संध्याकाळचा आठवड्यातून दोन-तीनदाच, रविवार रिकामा. 4.48 परत यायला वेळ लागेल. पाळी आधी येईल, वेळ मागून.

डुलक्यांसाठी: रूममेटला दहाला दिवा बंद करायची विनंती कर, ती ऐकत नसेल तर डोळ्यांवर ओढणी बांधून झोप.

रिपोर्ट आले की मला लिही, काय आलं ते आकड्यांसकट. आणि हे पत्र मिटलंस की एका वाटीत दोन मुठी हरभरे भिजत घाल.

तुझी,
मावशी