सोवळ्यातलं ताट

मस्कत, शुक्रवार रात्र

लाडक्या सोनू,

परवा फोनवर तू विचारलंस आणि माझी ड्यूटीची वेळ झाली म्हणून राहून गेलं. वरच्या मजल्यावर तुझ्या मैत्रिणीकडे गणपतीच्या नैवेद्याचं ताट तू उचलायला गेलीस, तर तिची आजी म्हणाली, "थांब गं, सोवळ्यातलं आहे." मग तू मला विचारलंस, "आई, आपल्यात सोवळं नसतं का? मग आपण पवित्र कसं राहायचं?"

आधी हे, की त्या आजींवर रुसू नकोस. नैवेद्य दाखवेपर्यंत त्या स्वतःच्या नातीलाही हात लावू देत नाहीत, आणि नंतर पहिला मोदक त्यांनी तुलाच दिला, हे तूच सांगितलंस.

पण सोवळं नेहमी ताटापुरतं राहिलं नाही, बाळा. तुझ्या पणजोबांना नगरकडच्या त्यांच्या गावात विहिरीला शिवायची मुभा नव्हती. कुणी वरून ओतेल तेव्हा ओंजळ धरायची. आणि अंगात मुरलेलं असं सहज जात नाही. ब्राह्मण घरातले कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली आपल्या मुंबईतच झाला, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना शिवाशीव मनातून काढायला पुढे काही वर्षं लागली. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा.

बायबलातल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय आजीकडून वाचून घे. येशूचे शिष्य हात न धुता जेवले म्हणून परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारे यहुदी, बोल लावतात. हात धुवावेतच, मी तर नर्स आहे. पण येशू म्हणतो, बाहेरून पोटात जातं त्याने माणूस विटाळत नाही, मनातून निघतं त्याने विटाळतो. आणि पहिल्या अध्यायात त्याने कुष्ठरोग्याला हात लावला. रिवाजाप्रमाणे विटाळ प्रभूला व्हायचा. झालं उलटंच, तो रोगीच शुद्ध झाला. मला हे वाचताना अजून गलबलून येतं.

मी दहा वर्षांची होते. भायखळ्याच्या आमच्या चाळीत पहाटे पाणी यायचं. हंड्याच्या नंबरावरून आजी समोरच्या काकूंना नको ते बोलली. रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेतात ते. पांढरी साडी, बायबल, गीतांचं पुस्तक, सगळी तयारी करून आम्ही जिना उतरलो आणि ती अर्ध्यावर थांबली. "आधी समेट कर, मग वेदीपाशी ये, असं लिहिलंय ना," म्हणाली आणि परत वर गेली. काकू कणीक मळत होत्या. आजी दारातच उभी राहिली. "परवा मी बोलले ते वाईट बोलले. चुकले मी." काकूंनी मानसुद्धा वर केली नाही. आजी खाली आली तेव्हा तिचा पदर ओला होता. उपासनेला उशीर झाला, आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. काकू पुढे महिनाभर बोलल्या नाहीत, पण आजी रोज पहाटे त्यांचाही हंडा भरून दारात ठेवायची.

आपल्यातलं पवित्र राहणं मी त्या जिन्यावर पाहिलं. आजी शनिवारी रात्री पलंगावर बसून बोटं मोजते ना, तो जप नव्हे. आठवड्यात कुणाकुणाला दुखावलं ते ती मोजते. मग ५१ वं स्तोत्र म्हणते, "हे देवा, माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर." उद्या तिच्याजवळ जाऊन बस.

आणि तिची पांढरी साडी इस्त्रीला टाक. दादाचा मेसेज आला होता, तू बुधवारपासून त्याच्याशी बोलत नाहीस म्हणून.

तुझी,
आई