तीन वर्षांच्या मुलीच्या हृदयाला छिद्र आहे. नाशिकमध्ये ऑपरेशनसाठी सरकारी मदत कुठे मागायची?

आधी त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलला जा आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा कक्ष विचारा. मी अंगणवाडी सेविका आहे. याच कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा आमच्याकडची मुलं तपासतं, आणि अशी बाळं तिथूनच पुढे पाठवली जातात. १८ वर्षांपर्यंतची मुलं यात बसतात. टूडी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट, रेशनकार्ड, आधार, जन्मदाखला जवळ ठेवा. मोफत उपचारांच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनीसाला भेटा. फक्त मंजुरी ऑपरेशनच्या आधी हवी. स्वतः भरलेले पैसे ही योजना नंतर परत देत नाही, म्हणून दागिने मोडायच्या आधी एवढं कराच. डॉक्टर तातडीचं म्हणाले तर कागदांसाठी थांबू नका, आरोग्यमित्र फोनवरून तात्पुरती मंजुरी घेऊ शकतो.