तीन पोर्ट, तीन मॉनिटर, तरी तिसरा काळाच. विंडोज पुन्हा टाकू का?

नका टाकू. हात जोडून सांगते, विंडोजला हातही लावू नका.

तुमच्या ग्राफिक्स कार्डाला डीव्हीआय, एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट असे तीन पोर्ट आहेत. पहिल्या दोघांवरचे मॉनिटर ठणठणीत चालतात, तिसरा ॲडॉप्टर लावून डिस्प्लेपोर्टला जोडलाय आणि त्यावर नुसतं 'नो सिग्नल'. आणि ओळखीतल्या एका जाणकाराने सांगितलंय की विंडोज नव्याने टाकलं की येईल. असा जाणकार माझ्या घरातही आहे. माझा सख्खा मोठा भाऊ.

मी मुद्रितशोधन करते. डावीकडे हस्तलिखिताचं स्कॅन, मधे जुळवलेली पानं, उजवीकडे शब्दकोश आणि शंकांची यादी. दादाचं पहिल्या दिवसापासून एकच पालुपद: "एवढे मॉनिटर मांडून काय कंट्रोल रूम चालवायचीय? ऑल्ट-टॅब शिक." अरे, येतं मला ऑल्ट-टॅब. पण ऑल्ट-टॅबने एक खिडकी मागे टाकून दुसरी पुढे आणली की मूळ शब्द डोक्यात धरून पानापर्यंत न्यावा लागतो, आणि डोकं तो वाटेतच दुरुस्त करून टाकतं. लेखकाने 'दीन' लिहिलंय, पानावर 'दिन' पडलंय, आणि मला दोन्हीकडे तेच दिसतं कारण मधल्या अर्ध्या सेकंदात वेलांटी गळलेली असते. शेजारी शेजारी ठेवलं की फक्त नजर सरकते. हे त्याला मी दहादा सांगितलंय. असो.

तर तिसरा मॉनिटर आणला, तुमच्यासारखाच डिस्प्लेपोर्टला ॲडॉप्टर लावून जोडला, आणि काळा. दादा आला. येताना एक छोटी पेटी घेऊन आला, एक एचडीएमआय आत, दोन बाहेर. जोडली आणि तिसरा मॉनिटर लखकन उजळला. "बघ, लागला!" लागला खरा, पण त्यावर मधल्या मॉनिटरचंच पान होतं. माऊस हलवला की दोन्हीकडे बाण हलायचा. स्प्लिटर म्हणजे झेरॉक्स. हॉलमधल्या दोन टीव्हींवर एकच मॅच दाखवायला ठीक, कामाची जागा वाढवायला शून्य. मी म्हटलं, मला वेगळं चित्र हवंय. तो म्हणाला, "मग विंडोजमध्येच गडबड आहे."

रविवारी फॉरमॅट मारला. आधी विचारलं होतं हं, "फाइली डीमध्ये आहेत ना?" होत्या. पण वर्डमध्ये आपण 'शब्दकोशात भरा' म्हणत एकेक शब्द साठवतो, ती यादी सी ड्राइव्हच्या पोटात दडलेली असते, हे त्याला सुचलं नाही आणि मला ठाऊक नव्हतं. सहा वर्षांची यादी. एका लेखिकेला 'येवढं' हवं, दुसऱ्याला 'एवढं'. बोलीतले शब्द, पात्रांची नावं, झाडांची नावं. सोमवारी फाइल उघडली तर पानभर लाल रेघा.

आणि तिसरा मॉनिटर? काळाच. रविवारी रात्री नऊ वाजता दादा "मॉनिटरच डबडा आहे" असं म्हणून गेला.

तो गेल्यावर मी वैतागून मधल्या मॉनिटरची केबल उपटली. तिसरा लागला! परत खोचली, तिसरा गेला. डावीकडची काढली, तिसरा लागला. कुठलेही दोन चालत होते, तिघे मिळून नाही. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १, २, ३ असे तिन्ही चौकोन दिसत होते, म्हणजे मॉनिटर ओळखला गेला होता. फक्त तिसऱ्याला 'एक्स्टेंड', म्हणजे वेगळं चित्र दाखव, म्हटलं की सेटिंग जतन होत नाही असं सांगून यंत्र गप्प. आता यात विंडोज कुठून दोषी?

कारण कार्डाच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं. आणि हे पत्रक होतं कार्डाच्या खोक्यात, जे मी तिसऱ्या मॉनिटरखाली उंचीसाठी सारलं होतं. हसा.

झालं होतं ते असं. डीव्हीआय आणि एचडीएमआय ही जुन्या चालीची जोडणी. त्यातल्या प्रत्येक मॉनिटरला पिक्सेल स्वतःच्या गतीने हवे असतात आणि ती गती राखायला कार्डावर एकेक स्वतंत्र क्लॉक लागतं. जुन्या बऱ्याच कार्डांवर अशी क्लॉक दोनच असायची. पोर्ट तीन, ताल धरणारे दोघे. डिस्प्लेपोर्टचं तसं नसतं, ते मॉनिटर एकाच सामाईक क्लॉकवर भागवून घेतात. मग माझा तिसरा तर डिस्प्लेपोर्टलाच होता, तो का नाही? कारण माझा ॲडॉप्टर पॅसिव्ह होता. पॅसिव्ह ॲडॉप्टरमध्ये चित्र बदलणारं काही नसतं. तो लावला की कार्डच त्या पोर्टातून एचडीएमआयचा सिग्नल सोडायला लागतं, आणि मग तिसरं क्लॉक मागतं. ॲक्टिव्ह ॲडॉप्टरमध्ये रूपांतर करणारी चिप असते. कार्डाला वाटतं पलीकडे डिस्प्लेपोर्टचाच मॉनिटर आहे. दोन्ही दिसायला जुळी भावंडं, म्हणून वर 'ॲक्टिव्ह' लिहिलेलं असल्याशिवाय घेऊ नका. आणि दिशा बघा: डिस्प्लेपोर्टातून एचडीएमआयकडे जाणारा ॲडॉप्टर उलटा चालत नाही.

मी ॲडॉप्टर बदलला. लावल्यावर दोन सेकंदांत तिसरा मॉनिटर सुरू झाला. सहा वर्षांची यादी गेली ती या चिपेपायी.

तेव्हा तुम्ही आधी माझी केबल उपटायची परीक्षा करा. चालणाऱ्या दोघांपैकी एक काढल्यावर तिसरा लागला, तर केबल, पोर्ट, मॉनिटर सगळं धड आहे आणि ॲक्टिव्ह ॲडॉप्टरने काम व्हावं. तिसऱ्या मॉनिटरलाच डिस्प्लेपोर्ट असेल तर ॲडॉप्टरही नको, सरळ केबल लावा. एक काढूनही तो लागला नाही, तर मॉनिटरच्या बटणांतून इनपुट बरोबर निवडलंय का ते बघा, मग केबल बदलून बघा.

तिसरा मॉनिटर मदरबोर्डच्या, म्हणजे ज्यावर कार्ड बसतं त्या मुख्य बोर्डाच्या, पोर्टालाही लावता येतो, प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो त्यांच्यात ते नसतं, तिथे मदरबोर्डचे पोर्ट नुसते शोभेचे. असेल तरी कार्ड बसवल्यावर बरेच बोर्ड ते बंद करतात; बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) आयजीपीयू मल्टी-मॉनिटर किंवा तशा नावाचा पर्याय चालू करावा लागतो. यूएसबीचे डिस्प्ले ॲडॉप्टरही मिळतात. त्यात चित्र आवळून यूएसबीतून पाठवलं जातं आणि ते काम प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. मजकुरासाठी चालेल, गेमसाठी मुळीच नको.

नवीन कार्ड घ्यावं का, हेही तुम्ही विचारलंय. माझ्या मते फक्त मॉनिटर जोडण्यासाठी नको. आणि घेतलंच तर पोर्ट मोजू नका, एका वेळी किती मॉनिटर चालतात तो आकडा बघा, तो वेगळा छापलेला असतो.

एक राहिलंच, खरं तर आधी सांगायला हवं होतं. हे सगळं जुन्या कार्डांचं आहे. तुमच्याकडे डीव्हीआय आहे म्हणून मी तसं धरून चालले. अलीकडची बहुतेक कार्डं तीन-चार मॉनिटर मुकाट्याने चालवतात. कार्ड तसं असेल तर माझी क्लॉकची कथा विसरा आणि केबलवरच संशय घ्या. आणि तिसरा मॉनिटर फोर-के असेल तर ॲडॉप्टर एचडीएमआय २.० चा हवा. १.४ वाला फोर-केला ३० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला तीस चित्रांवर, अडतो आणि माऊसचा बाण रांगत येतो.

दादाला मी ते पत्रक नेऊन दाखवलं. त्याने चष्मा लावून शांतपणे वाचलं आणि म्हणाला, "फॉरमॅट मारला होता म्हणून ॲडॉप्टर लगेच चालला, नाहीतर ड्रायव्हर भांडला असता." अजूनही तो तेच म्हणतो. तुमच्या कार्डाचं नाव आणि केबल उपटल्यावर काय झालं ते खाली लिहा. तुमच्याकडून तरी सिद्ध होईल, मग मी त्याला दाखवीन.