हृदयविकारानंतर व्यायाम : किती आणि कसा?

प्रश्न : माझे वय 61 वर्षे आहे. दोन महिन्यांपूर्वी मला हृदयविकाराचा झटका आला व अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवण्यात आला. डॉक्टरांनी व्यायाम सुरू करण्यास सांगितले आहे. परंतु हृदयावर ताण येईल या धास्तीने घरचे मला जिनाही चढू देत नाहीत. शिवाय 220 मधून वय वजा करून नाडीच्या कमाल गतीचा जो आकडा येतो, त्याच्या जवळपासही मी चालताना पोहोचत नाही. मी काय करावे?

उत्तर : आपल्या घरच्यांची भीती स्वाभाविक आहे. एके काळी वैद्यकशास्त्राचीही हीच धारणा होती आणि झटका आलेल्या रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणावर निजवून ठेवले जाई. 1952 मध्ये सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसवावे असे मांडले, तेव्हा तेही अनेकांना धाडसाचे वाटले होते. पुढे 1966 मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवून तपासले असता, शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे चतुर्थांशाने घटलेली आढळली. निरोगी तरुणांची ही स्थिती होते, तर आजारातून उठलेल्या माणसाचे सक्तीच्या विश्रांतीने किती नुकसान होत असेल, हे घरच्यांना आवर्जून सांगावे.

नियमित व्यायामाने पायांचे स्नायू रक्तातील प्राणवायू अधिक चांगल्या प्रकारे वापरू लागतात, त्यामुळे तेवढ्याच कामासाठी हृदयाला कमी ठोके द्यावे लागतात. ठोके मंदावले की दोन ठोक्यांमधला विसाव्याचा काळ वाढतो, आणि हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतून रक्त मुख्यतः याच काळात वाहते. म्हणजेच हृदयाची गरज कमी होते आणि त्याला मिळणारा पुरवठा सुधारतो. म्हणूनच मी व्यायामाकडे औषधाइतकेच गांभीर्याने पाहतो. त्यालाही मात्रा असते आणि ती हळूहळूच वाढवावी लागते.

नाडीच्या सूत्राची चिंता सोडून द्यावी. झटक्यानंतर बहुतेक रुग्णांना बीटा-ब्लॉकर गटातील औषध दिले जाते व ते ठोक्यांची गती मुद्दाम कमी ठेवते. हे औषध आपल्याला चालू असल्यास तो आकडा गाठण्याचा प्रयत्न निरर्थकच नव्हे, तर घातकही ठरू शकतो. नेहमीची औषधे घेऊन केलेल्या स्ट्रेस टेस्टवरून (व्यायाम करवून घेतलेली हृदयाची तपासणी) डॉक्टर आपल्यासाठी योग्य मर्यादा ठरवून देतील. एरवी साधी खूण अशी की, चालताना पूर्ण वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणणे जमू नये. सुरुवातीला सपाट रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटे चालावे आणि काही आठवड्यांत आठवड्यातील बहुतेक दिवशी तीस मिनिटांपर्यंत जावे. आधी वेळ वाढवावा, वेग नंतर. डॉक्टरांची हरकत नसल्यास जिनाही सावकाश चढावा.

व्यायामाची सुरुवात आणि शेवट मंद गतीनेच करावा, हे मी विशेष आग्रहाने सांगेन, कारण घाईत नेमके हेच टाळले जाते. वेगाने चालून एकदम थांबल्यास रक्त पायांत साचते, रक्तदाब उतरतो आणि भोवळ येऊ शकते. क्वचित हृदयाची लयही बिघडते. म्हणून शेवटची पाच ते दहा मिनिटे गती उतरवत न्यावी. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, वाजवीपेक्षा जास्त धाप, गरगरणे किंवा धडधड जाणवताच थांबून बसावे. जिभेखाली ठेवायची गोळी दिलेली असल्यास ती सोबत बाळगावी व सांगितल्याप्रमाणे घ्यावी. त्रास थांबला नाही तर विनाविलंब रुग्णवाहिका बोलवावी.

प्रश्न : बायपास शस्त्रक्रियेनंतर वजन उचलण्याचे व्यायाम करता येतात का?

उत्तर : येतात, पण लगेच नाही. शस्त्रक्रियेत कापलेले छातीचे हाड जुळून येण्यास साधारणतः दोन ते तीन महिने लागतात. तोवर जड वस्तू उचलणे, ओढणे वा ढकलणे टाळावे, चालणे मात्र चालू ठेवावे. त्यानंतर शल्यचिकित्सकांच्या संमतीने हलक्या वजनापासून सुरुवात करावी आणि उचलताना श्वास कधीही रोखू नये, कारण त्यामुळे रक्तदाब एकाएकी चढतो. विश्रांतीतही छातीत दुखत असेल, महारोहिणीची (हृदयातून शरीराला रक्त नेणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची) झडप फार अरुंद झालेली असेल, हृदयाची लय आटोक्यात नसेल किंवा पायांवरील सूज आणि वजन काही दिवसांतच वाढले असेल, तर कोणताही व्यायाम सुरू करण्यापूर्वी आधी तपासणी व उपचार करून घ्यावेत.