पाण्याखालचा शार्क-थरारपट घरी पाहताना चित्र गढूळ आणि आवाज दबका का वाटतो?

आपल्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत. नव्या ४के टीव्हीवर शार्कचा थरारपट पाहताना खोल पाण्याच्या दृश्यांत निळ्या रंगाचे पट्टे दिसतात, पडद्याचा बराच भाग काळाकुट्ट राहतो आणि मास्क लावलेल्या पात्रांचे बोलणे नीट कळत नाही; तेव्हा दोष टीव्हीचा की चित्रपटाचा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते काळोख बहुतांशी जाणूनबुजून ठेवलेला असतो, पट्टे मात्र कोणत्याही छायालेखकाला नको असतात, आणि संवादांचे दुखणे बहुधा टीव्हीच्या अंगच्या स्पीकरमध्ये असते.

आधी काळोखाविषयी. पाणी तांबडा रंग सर्वांत आधी शोषून घेते. पहिल्या काही मीटरांतच तो फिका पडतो, मग नारिंगी आणि पिवळा, आणि शेवटी निळ्या-हिरव्या छटाच तेवढ्या उरतात. त्यामुळे खोल पाण्यात टॉर्चशिवाय रक्तसुद्धा हिरवट-काळपट दिसते. त्यातच पाण्यात तरंगणारे कण प्रकाश विखुरतात, म्हणून दूरची वस्तू धूसर दिसते. असे अनेक चित्रपट मोठ्या टाकीत चित्रित होतात आणि ते पाणी समुद्राचे भासावे यासाठी त्यात मुद्दाम कण मिसळले जातात. शार्क नेमका कुठून येईल हे प्रेक्षकाला दिसूच नये, यावर सगळा थरार उभा असल्याने ब्राइटनेस वाढवून तो काळोख उजळण्यात मला काही हशील वाटत नाही. काळ्याचा राखाडी होतो, एवढेच.

पट्ट्यांची गोष्ट वेगळी आहे. टॉर्चच्या झोताचे एखादे दृश्य थांबवून जवळून पाहावे. झोताच्या मध्यापासून काळोखापर्यंत निळा रंग सलग विरत जायला हवा. त्याऐवजी एकात एक अशी कडी दिसत असतील, तर ते बँडिंग होय. आठ बिटच्या चित्रात प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर दहा बिटच्या चित्रात १०२४. आणि पाण्याखालचे दृश्य जवळजवळ एकाच रंगाच्या गडद छटांत खेळत असल्याने त्यातल्या थोड्याच पायऱ्या वाट्याला येतात. त्यात स्ट्रीमिंगच्या कॉम्प्रेशनची, म्हणजे चित्राचा डेटा दाबून लहान करण्याची, भर पडते. अंधाऱ्या भागातले सूक्ष्म फरक डोळ्यांना फारसे जाणवणार नाहीत असे गृहीत धरून हे काम करणारा एन्कोडर ते पुसून टाकतो, आणि हा चित्रप्रकार तर त्याच फरकांवर जगतो.

बुडबुडे ही एन्कोडरची दुसरी डोकेदुखी आहे. आधीच्या फ्रेममधला कोणता भाग कुठे सरकला, एवढेच नोंदवून तो जागा वाचवतो. पण हजारो बुडबुडे एकदम वर उसळले की प्रत्येक फ्रेम जवळपास नवीनच असते आणि बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला मिळणारा डेटा, अपुरा पडून चित्राचे चौकोनी ठोकळे होतात. ४के स्ट्रीमिंगचा बिटरेट साधारणपणे सेकंदाला १५ ते २५ मेगाबिटच्या घरात असतो, तर साध्या १०८०पी ब्लू-रेवर केवळ चित्रासाठी ४० मेगाबिटपर्यंत मुभा असते. म्हणून अशा चित्रपटापुरते बोलायचे तर स्ट्रीमिंगवरच्या ४केपेक्षा मी चांगली साधी ब्लू-रे पसंत करतो, आणि ४के ब्लू-रे मिळत असेल तर प्रश्नच मिटला, कारण तिच्यात दहा बिट आणि भरपूर बिटरेट दोन्ही असतात. डिस्कवरही कडी तशीच दिसली, तर मात्र संशय टीव्हीच्या पॅनेलवर घ्यावा.

सेटिंगमध्ये फार खटाटोप नको. फिल्ममेकर किंवा सिनेमा मोड निवडावा, शार्पनेस अगदी कमी ठेवावा, नाहीतर प्रत्येक कणाभोवती पांढरी कड उमटते. मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून टीव्हीने मध्ये जादा फ्रेम घालणे) बंद करावे आणि खोलीतला दिवा मालवावा. एलईडी टीव्हीवर टॉर्चभोवती धुरकट वलय दिसत असेल, तर तो बॅकलाइटचा गुण आहे. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतंत्रपणे उजळत असल्याने ते दिसत नाही.

आवाजाकडे लोक उगीच दुर्लक्ष करतात. या चित्रप्रकारात निम्मी भीती कानांवाटे येते. मास्कमधले संवाद रेडिओवरून आल्यासारखे वाटावेत म्हणून त्यांचे खर्जातले आणि तारातले स्वर कापलेले असतात, वर श्वासाचा घरघराट चालूच असतो. टीव्हीच्या मागे किंवा खाली तोंड असलेले छोटे स्पीकर हे सगळे एकात एक कालवून टाकतात. मधला स्वतंत्र सेंटर स्पीकर असलेला साउंडबारही इथे मोठा फरक पाडतो, आणि त्याला सबवूफरची जोड असेल तर पिंजऱ्याला बसलेली धडक छातीत जाणवते. गंमत अशी की पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो, त्यामुळे पाणबुड्याला आवाजाची दिशा धड कळतच नाही. ध्वनिसंयोजक मात्र हा नियम खुशाल मोडून शार्कची सळसळ आपल्या पाठीमागच्या स्पीकरमधून सोडतात. रात्री शेजाऱ्यांची अडचण असेल तर नाइट मोड लावावा. त्यात धडकेचा जोर ओसरतो, पण संवाद वर येतात, आणि सरसकट आवाज कमी करण्यापेक्षा ते केव्हाही बरे.