कॉम्प्रेसरच्या आधी सॉकेट तपासा

प्रश्न : फ्रिजचा दिवा लागतो, पण दर काही मिनिटांनी मागून ‘टक्’ असा आवाज येतो आणि गारवा नाही. कॉम्प्रेसर गेला का?

एवढ्यावरून तसं ठरवू नका. ‘टक्’ हा ओव्हरलोडचा, म्हणजे कॉम्प्रेसरला जास्त करंटपासून वाचवणाऱ्या स्विचचा आवाज. कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, करंट नेहमीच्या कितीतरी पट चढतो, ओव्हरलोड तापून सर्किट तोडतो आणि गार झाला की पुन्हा जोडतो. व्होल्टेज कमी, रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग) खराब किंवा कॉम्प्रेसर जाम, यांपैकी काहीही असू शकतं. आधी व्होल्टेज पाहा. त्याच बोर्डावरच्या दुसऱ्या सॉकेटात मल्टिमीटर लावा. फ्रिज बंद असताना 225 व्होल्ट दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. करंट नसताना सैल जोड लपून राहतो. कॉम्प्रेसर गुणगुणतो त्या काही सेकंदांतलं रीडिंग खरं. ते 180 पर्यंत कोसळलं तर दोष पुरवठ्यात आहे : सॉकेटचा सैल स्क्रू, काळवंडलेली पिन, नाहीतर बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड. फ्रिजला एक्स्टेन्शन लावूच नये.

व्होल्टेज टिकलं, तर प्लग काढून रिले उपसा. पीटीसी रिले (आत तापणारी चकती असलेला प्रकार) हलवल्यावर खुळखुळला की आतली चकती फुटली, बदला. मग कॉम्प्रेसरच्या तीन पिनांमधला रेझिस्टन्स ओहममध्ये मोजा : कॉमन-रनिंग आणि कॉमन-स्टार्टिंग यांची बेरीज रनिंग-स्टार्टिंगएवढी यायला हवी. इन्व्हर्टर (वेग कमी-जास्त करणाऱ्या) कॉम्प्रेसरला हा हिशेब लागू नाही. तिथे तिन्ही रीडिंग जवळपास सारखी येतात.

प्रश्न : आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) दिवसातून एक-दोनदाच पडतो. बाकी वेळ फ्रिज व्यवस्थित चालतो.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिज असेल तर पहिला संशय बर्फ वितळवणाऱ्या डीफ्रॉस्ट हीटरवर. तो काही तासांनी थोडाच वेळ चालतो. आत ओल शिरली की करंट बॉडीकडे गळतो आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी पडतो. साध्या ओहम मीटरवर ही गळती बऱ्याचदा दिसत नाही, 500 व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावावा लागतो. आरसीसीबी बायपास करून फ्रिज चालवणं जिवाशी खेळ आहे, कृपया करू नका.

प्रश्न : दाराला हात लावला की झिणझिण्या येतात.

प्लग आत्ताच काढा. सॉकेटातली फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ ही व्होल्टेज रीडिंग जवळपास सारखी हवीत. दुसरं बरंच कमी किंवा डळमळतं असेल, तर अर्थिंग तुटलेलं आहे. मात्र रीडिंग बरोबर आलं तरी अर्थिंग भक्कम असेलच असं नाही. ती चाचणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. शिवाय अर्थिंग जोडलं म्हणजे काम संपत नाही, फ्रिजमधली गळतीही शोधायला हवी.

प्रश्न : वीज जाऊन लगेच आली की फ्रिज गुरगुरून बंद पडतो.

कॉम्प्रेसर बंद पडल्यावर गॅसचं प्रेशर त्याच्या दोन्हीकडे समान व्हायला 3 ते 5 मिनिटं लागतात, त्याआधी तो सुरू होऊ शकत नाही. टाइम-डिले असलेला, म्हणजे वीज आल्यावर काही मिनिटं थांबून पुरवठा जोडणारा स्टॅबिलायझर लावा.